पक्षाघातानंतर गेलेले बोलणे : सहा महिन्यांची मुदत खरी असते का?

नमस्कार. तुमचा प्रश्न थोडक्यात पुन्हा मांडते, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ कळेल. तुम्ही कोरेगाव तालुक्यातून लिहिले आहे की तुमच्या वडिलांना, आबांना, वयाच्या ६२ व्या वर्षी, पाच महिन्यांपूर्वी पक्षाघाताचा झटका आला. उजवी बाजू गेली होती, ती बरीच सुधारली असून ते आता काठी घेऊन अंगणात फिरतात. बोलण्यात मात्र 'आता बघा' या दोन शब्दांपलीकडे काही येत नाही. संध्याकाळी देवापुढे ते आरती शेवटपर्यंत म्हणतात, आणि त्याच तोंडाने त्यांना पाण्याचा तांब्या मागता येत नाही. घरच्यांच्या मते त्यांना सगळे समजते. बोलणे सहा महिन्यांत आले नाही तर ते येतच नाही असे कुणीतरी सांगितल्यामुळे आता एकच महिना हातात आहे असे तुम्ही धरून चालला आहात, आणि त्या घाईत जिभेचे व्यायाम आणि मध-वेखंड असे दोन्ही चालू आहे. एवढ्या महिन्याभरात काय करता येईल, असे तुम्ही विचारले आहे.

मी गेली २२ वर्षे मिरज-सांगलीत स्पीच थेरपिस्ट म्हणून काम करते आणि माझ्याकडे येणाऱ्या मोठ्या माणसांत पक्षाघातानंतर बोलणे गेलेल्यांचीच संख्या अधिक असते. त्या अनुभवावरून आधी एवढेच सांगते की सहा महिन्यांची ती मुदत तुम्हाला ज्या अर्थाने सांगितली गेली त्या अर्थाने खरी नाही. परंतु मुदत खरी नाही म्हणजे सारे पूर्ववत होईल, असाही अर्थ काढू नका. माझ्या दृष्टीने महिना पुरेल का, यापेक्षा आबांचे नेमके काय गेले आहे आणि काय शिल्लक आहे, हा प्रश्न मोठा आहे, आणि तुमच्या पत्रावरून असे दिसते की तो अजून कुणी नीट तपासलेला नाही.

तुम्ही वर्णन केलेली अवस्था अफेजियाची, म्हणजे वाचाघाताची आहे, असे बरेचसे खात्रीने म्हणता येते. वाचाघातात जीभ, ओठ किंवा आवाज जात नाही आणि बुद्धीही जात नाही. जाते ती भाषा, म्हणजे मनातल्या गोष्टीला शब्द मिळवून देण्याची आणि ऐकलेल्या शब्दातून गोष्ट उलगडण्याची मेंदूतली सोय. उजव्या हाताने काम करणाऱ्या बहुतेक सगळ्या माणसांत ही सोय मेंदूच्या डाव्या अर्ध्यात असते, आणि शरीराची उजवी बाजूही डावा मेंदूच चालवतो; म्हणून उजव्या अंगाचा पक्षाघात आणि बोलणे जाणे या दोन गोष्टी इतक्या वेळा हातात हात घालून येतात. पक्षाघाताच्या सुरुवातीच्या दिवसांत सुमारे एक तृतीयांश रुग्णांना कमी-अधिक प्रमाणात वाचाघात असतो. डोक्याला मार लागणे, मेंदूतील गाठ, मेंदूचा संसर्ग यांनीही तो होतो. महिन्यामहिन्याने भाषा हळूहळू विरत जाण्याचा एक वेगळा प्रकारही आहे, पण तो स्मृतिभ्रंशाच्या कुळातला आहे आणि आबांचा नाही, कारण आबांचे बोलणे एका दिवसात गेले.

आबांच्या 'आता बघा'ला या विद्येच्या इतिहासात एक जुना सोबती आहे. पॅरिसजवळच्या बिसेत्र रुग्णालयात लेबोर्न नावाचा एक रुग्ण दोन दशकांहून अधिक काळ होता. काहीही विचारले तरी तो 'तां तां' एवढेच म्हणे, म्हणून त्याचे नावच 'तां' पडले होते. १८६१ मध्ये त्याच्या मृत्यूनंतर पॉल ब्रोका या शल्यचिकित्सकाने त्याचा मेंदू तपासला आणि डाव्या बाजूच्या पुढच्या भागातील इजा दाखवून दिली. मेंदूच्या त्या भागाला आजही ब्रोकाचेच नाव आहे. पुढे १८७४ मध्ये कार्ल वेर्निके याने उलट प्रकारचे रुग्ण वर्णिले, ज्यांचे बोलणे धो धो वाहते पण त्याला अर्थ नसतो आणि समोरच्याचे बोलणे ज्यांना नीट कळत नाही. आपल्याकडे अशा माणसाला घरचे लोक 'डोक्यावर परिणाम झाला' म्हणून मनोविकाराच्या डॉक्टरांकडे नेतात, असे मी अनेकदा पाहिले आहे. लेबोर्नचा तो मेंदू जपून ठेवलेला आहे, आणि २००७ मध्ये त्याचा एमआरआय काढला तेव्हा इजा ब्रोकाने वरून पाहिली होती त्याहून बरीच खोलवर गेलेली आढळली. भाषा मेंदूच्या एकाच कप्प्यात ठेवलेली नसते, ती पुष्कळ भागांच्या आणि त्यांना जोडणाऱ्या धाग्यांच्या मेळातून चालते, हे आज मान्य झाले आहे. रुग्णाच्या दृष्टीने ही दिलाशाची बाब आहे, कारण मेळातले काही भाग शाबूत असतील तर त्यांना धरून काम करता येते.

आता आरतीकडे येते, कारण तुमच्या घरातला सगळ्यात मोठा गैरसमज तिथून निघाला असावा. आरती म्हणता येते म्हणजे बोलता येते, मग आबा प्रयत्नच करत नाहीत, असे तुमच्या आत्याबाई म्हणतात, असे तुम्ही लिहिले आहे. माझ्याकडे एसटीतून निवृत्त झालेले एक कंडक्टर येत असत. त्यांना स्वतःचे नाव सांगता येत नव्हते. एक दिवस मी टेबलावर बोटाने ताल धरून 'सातारा' म्हटले आणि थांबले, तर ते म्हणाले, 'नागठाणे, उंब्रज, कराड, पेठ नाका, इस्लामपूर, आष्टा, सांगली', अगदी स्पष्ट आणि एका दमात. लगेच मी विचारले, 'उंब्रजच्या पुढे कोणते गाव?' ते माझ्याकडे बघत राहिले, आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी आले. आरती, पाढे, वार, एक ते दहा अंक, शिव्या, 'अरे देवा' यांसारखे उद्गार ही माळेसारखी ओवलेली भाषा असते. पहिला मणी ओढला की बाकीचे आपोआप मागे येतात, त्यासाठी शब्द निवडावा लागत नाही. पाण्याचा तांब्या मागताना मात्र हजारो शब्दांतून तोच एक नेमका निवडावा लागतो, आणि आबांची अडचण त्या निवडीत आहे. एकोणिसाव्या शतकातच ह्यूलिंग्ज जॅक्सन या इंग्रज मेंदूतज्ज्ञाने हा फरक मांडून ठेवला आहे. तेव्हा आत्याबाईंना कृपया सांगा की यात हट्ट नाही आणि आळसही नाही.

त्याच आरतीवरून दुसरी एक गोष्ट सिद्ध होते. ज्या माणसाची आरती स्पष्ट येते त्याची जीभ, ओठ, टाळू आणि श्वास हे सारे उत्तम काम करत आहे. मग जीभ बाहेर काढणे, गोल फिरवणे, गाल फुगवणे या व्यायामांनी नेमके काय सुधारायचे? हे व्यायाम वाचाघातावर उपाय नाहीत. स्नायू कमकुवत होऊन उच्चार जड होतात तो वेगळा विकार आहे, आणि उच्चारांच्या हालचालींची जुळणी बिघडते तो आणखी वेगळा. हे विकार वाचाघातासोबतही असू शकतात, म्हणून तपासणी हवीच, पण आबांचा रोजचा अर्धा तास जिभेवर खर्च होऊ नये असे मला वाटते. वेखंड मात्र आजच बंद करा, असे ठामपणे सांगते. पक्षाघातानंतर पुष्कळांचे गिळणे बिघडलेले असते आणि ते वरून दिसत नाही. जिभेवर चोळलेले चिकट काहीही श्वासनलिकेत उतरले तर फुप्फुसाचा संसर्ग होऊ शकतो. जेवताना किंवा पाणी पिताना आबांना ठसका लागतो का, पाणी प्यायल्यावर आवाज ओलसर येतो का, याकडे लक्ष ठेवा आणि तसे असेल तर बोलण्याच्या आधी गिळण्याची तपासणी करून घ्या.

'सगळे समजते' या वाक्याबद्दल मी नेहमी सावध असते. घरात ताट वाढलेले असते, सून हाताने पाटाकडे खूण करते, वेळ जेवणाची असते, आणि मग 'आबा, जेवायला चला' या शब्दांतला एकही शब्द न कळताही माणूस उठून पाटावर बसतो. समजले ते प्रसंगावरून. त्यात मान डोलावण्याची सवय सर्वांनाच असते. कामाच्या सुरुवातीच्या काळात एका गृहस्थांच्या डोलणाऱ्या मानेवर मीही विश्वास ठेवला आणि त्यांच्या आकलनाचा अंदाज चुकीचा लिहून दिला. तीन आठवडे आम्ही त्यांना जमणार नाही अशा पातळीवर काम करत राहिलो. ती चूक मी विसरलेले नाही. आता मी टेबलावर किल्ली, वाटी, चष्मा आणि पेन ठेवते, स्वतःचे हात मांडीवर घेते, वस्तूंकडे पाहत नाही आणि सांगते, 'किल्ली वाटीत ठेवा.' मग हो-नाहीचे प्रश्न विचारते, ज्यांत 'हो' आणि 'नाही' ही उत्तरे सारख्याच संख्येने बरोबर असतात: 'भाकरी थापायच्या आधी भाजतात का?' असे वीस प्रश्न विचारून दहाच बरोबर आले तर ते नाणे उडवल्यासारखे झाले.

मराठीत याहून बारीक चाचणी करता येते. 'म्हशीने गाईला ढकलले' आणि 'म्हशीला गाईने ढकलले' या दोन वाक्यांत शब्द तेच, क्रम तोच. अर्थ पालटतो तो केवळ 'ने' आणि 'ला' यांच्या जागेवरून. पडली कोण, असे विचारून दोन चित्रांपैकी एकावर बोट ठेवायला सांगितले की ज्यांना 'सगळे समजते' असे वाटत होते त्यांपैकी अनेकजण अडखळतात. ते पहिल्या शब्दाला कर्ता धरून चालतात. वाचाघाताच्या प्रसिद्ध चाचण्या परदेशात तयार झाल्या आहेत. वेस्टर्न अफेजिया बॅटरी ही त्यांतली सर्वाधिक वापरली जाणारी. तिच्यात १०० पैकी गुणांक काढतात आणि ९३.८ च्या खाली तो गेला तर वाचाघात धरतात. गुणांक उपयोगी असतो, विशेषतः सहा महिन्यांनी पुन्हा मोजून तुलना करायला, परंतु नुसते भाषांतर करून मराठी माणसाची भाषा पूर्णपणे तपासली जात नाही, आणि मला गुणांकापेक्षा बोलणे, समजणे, मागून म्हणणे, नाव घेणे, वाचणे आणि लिहिणे यांतले काय तग धरून आहे हे अधिक महत्त्वाचे वाटते. गावाची पाटी किंवा मुलाचे नाव अखंड चित्रासारखे ओळखणारी, पण नवा शब्द अक्षर लावून वाचता न येणारी माणसे मी खूप पाहिली आहेत. हे कळले की घरात कागदावर लिहून दाखवण्याचा मार्ग खुला होतो.

इथेच एक व्यवहाराची गोष्ट सांगून ठेवते. आकलनाची नीट तपासणी होईपर्यंत आबांची सही किंवा अंगठा कोणत्याही जमिनीच्या, बँकेच्या किंवा वाटणीच्या कागदावर घेऊ नका, आणि दुसऱ्या कुणाला घेऊ देऊ नका. उलट बाजूही तितकीच खरी आहे: समजत असूनही केवळ बोलता येत नाही म्हणून घरातले निर्णय त्यांना वगळून घेतले जात असतील तर तो त्यांच्यावर अन्याय आहे.

आता मुदतीविषयी. झटक्यानंतरच्या पहिल्या काही आठवड्यांत सुधारणा भराभर होते, कारण मेंदूची सूज उतरते, रक्त अपुरे पडल्याने निपचित पडलेला पण न मेलेला भाग जागा होतो आणि इजेपासून दूरचे, पण तिच्याशी जोडलेले भाग पुन्हा काम करू लागतात. हा वेग तीन ते सहा महिन्यांत मंदावतो. लोकांनी पाहिलेली मुदत ती हीच. परंतु त्यानंतर जी सुधारणा होते ती शिकण्याने होते, आणि मेंदूचे शिकणे एखाद्या तारखेला बंद होत नाही. जर्मनीतील १९ केंद्रांत झालेला एक मोठा अभ्यास २०१७ मध्ये लॅन्सेट या नियतकालिकात आला. त्यात ७० वर्षांपर्यंतचे १५६ रुग्ण होते आणि प्रत्येकाच्या झटक्याला किमान सहा महिने उलटून गेलेले होते. तीन आठवडे, आठवड्याला दहा तास किंवा अधिक उपचार घेतलेल्यांचे रोजच्या व्यवहारातील बोलणे, उपचारासाठी थांबवून ठेवलेल्या गटाच्या मानाने सुधारले. म्हणजे तुमची मुदत जिथे संपते तिथे त्या अभ्यासाची सुरुवात झाली होती. ती सुधारणा सरासरीने माफक होती, हेही सांगितले पाहिजे. त्यातून कुणी पूर्वीसारखे व्याख्यान देऊ लागले नाही.

घाईने काय साधते याचेही उत्तर आहे. ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडमध्ये २४६ रुग्णांवर झालेल्या अभ्यासात झटक्यानंतर लगेच भरगच्च उपचार दिलेल्यांना नेहमीच्या प्रमाणातील उपचार घेतलेल्यांपेक्षा अधिक फायदा झाल्याचे दिसले नाही. अनेक देशांतल्या अभ्यासांची माहिती एकत्र करून केलेल्या मोठ्या विश्लेषणात एकूण २० ते ५० तासांचे उपचार, आठवड्यातून चार-पाच दिवस विभागून घेतल्यास एकंदर भाषेला सर्वाधिक लाभ दिसला. लवकर सुरुवात केलेल्यांची सुधारणा मोठी असते, उशिरा सुरुवात करणाऱ्यांची लहान, पण असते. म्हणून या महिन्यात आबांना दमवून टाकू नका. वर्षभर पुरेल अशी चाल धरा.

आबांच्या बाबतीत मी आकडा सांगू शकत नाही, कारण ते अनेक गोष्टींवर अवलंबून आहे. सुरुवातीला वाचाघात किती तीव्र होता, इजा केवढी आणि कुठे आहे, गुठळी होती की रक्तस्राव, मधुमेह आणि रक्तदाब ताब्यात आहेत का, ऐकू नीट येते का, मन खचले आहे का. यांत सुरुवातीची तीव्रता सर्वाधिक वजनदार असते. पाचव्या महिन्यात एकच ठरीव वाक्य येत असेल तर वाचाघात तीव्र आहे, हे मी लपवणार नाही. तरीही आरती टिकून आहे, चालणे सुधारले आहे आणि घरातले लोक उत्तर शोधत आहेत, या तीन गोष्टी मी जमेस धरते.

उपचारात मी काय करते ते सविस्तर सांगते, कारण त्यातला अर्धा भाग तुम्हाला घरी करायचा आहे. शब्द आठवण्याच्या सरावाचा फायदा सराव केलेल्या शब्दांनाच होतो, न केलेल्यांना जवळजवळ नाही. ब्रिटनमध्ये २७८ रुग्णांवर संगणकाच्या साहाय्याने झालेल्या, २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात हे स्पष्ट दिसले: सहा महिने घरी सराव केलेले शब्द सुधारले, पण त्यामुळे गप्पा सुधारल्या नाहीत. यावरून काही जण सराव निरुपयोगी ठरवतात. मी त्यातून वेगळा निष्कर्ष काढते: शब्द निवडताना अत्यंत चोखंदळ असले पाहिजे. बाजारात मिळणाऱ्या तक्त्यावरचे जिराफ आणि अननस आबांना शिकवण्यात आयुष्यातले मोलाचे तास घालवू नका. घरच्यांनी बसून पंचवीस शब्द काढावेत, जे आबा झटक्याच्या आधी दिवसातून दहा वेळा बोलत असतील: नातवाचे नाव, तांब्या, चष्मा, गोळी, मोटर, वैरण, आणि आईंना ते ज्या नावाने हाक मारत असत ते नाव.

त्या शब्दाभोवती जाळे विणायचे असते. तांब्या हातात द्यायचा आणि विचारायचे: कशाचा आहे, कुठे असतो, त्यात काय भरतात, कोण आणून देते. उत्तरे आली नाहीत तर आपण सांगायची आणि त्यांना मान हलवू द्यायची. मग 'पाण्याचा तां…' असे म्हणून थांबायचे. पहिला ध्वनी मिळाला की पुष्कळदा शब्द बाहेर येतो. तो आला की पुढच्या वेळी ध्वनी थोडा कमी द्यायचा, नाहीतर माणूस आपल्या ओठांकडेच पाहत राहतो.

क्रियापदांकडे मी लवकर वळते आणि याचे कारण आपली भाषा आहे. मराठीत एकटे क्रियापद पूर्ण वाक्याचे काम करते. 'जेवलो' म्हटले की कोण, काय आणि ते झाले की व्हायचे आहे, हे सगळे आले. तासगावकडचे एक द्राक्ष बागायतदार माझ्याकडे येत. दोन महिने नावांच्या सरावातून फारसे हाती लागले नव्हते. एका दुपारी वीज गेलेली होती, आम्ही खिडकीजवळ बसून काम करत होतो, आणि अचानक डोक्यावरचा पंखा फिरू लागला. ते वर पाहून म्हणाले, 'आली.' ज्या माणसाची मोटर रात्री-अपरात्री येणाऱ्या विजेवर चालते त्याच्या तोंडून हाच शब्द पहिला यावा, हे मला नंतर उमगले. 'लाईट' हे नाव न येताही 'आली' हे तिच्याशी जुळणारे रूप बरोबर आले होते. त्यांच्या पत्नी ताडकन उठल्या आणि म्हणाल्या, 'मोटर लावायला सांगू का?' ते 'लाव' म्हणाले. त्या दिवसापासून आमचा सगळा सराव 'आली, गेली, लाव, दे, नको, थांब' यांवर उभा राहिला.

आरतीचाही उपयोग करता येतो, पण मर्यादेत. चाल आणि ताल यांच्या आधाराने लहान वाक्ये बसवण्याची एक पद्धत १९७३ पासून वापरात आहे. डाव्या हाताने मांडीवर ताल देत, सुरात, 'पाणी दे' असे आधी दोघांनी मिळून म्हणायचे, मग आपण ओठ मिटत जायचे, आणि शेवटी सूर काढून साधे बोलणे ठेवायचे. जी वाक्ये बसवाल ती येतात. त्यातून आपोआप इतर बोलणे सुरू होईल अशी अपेक्षा ठेवू नये. आरती रोज म्हणू द्याच, त्यात त्यांना स्वतःचा आवाज ऐकू येतो आणि ते सुख मोठे आहे, फक्त तिलाच उपचार समजू नका. वाचाघात बरा करणारे सर्वमान्य औषध आज नाही. मेंदूला बाहेरून विद्युत किंवा चुंबकीय उत्तेजना देण्यावर संशोधन चालू आहे, पण केवळ त्यासाठी जमीन गहाण टाकण्याची वेळ आणू नका.

उरलेला अर्धा भाग आबांनी नव्हे, तुम्ही सर्वांनी शिकायचा आहे, आणि माझ्या मते तोच अधिक मोठा आहे. टोरांटोमध्ये ऑरा कागन यांनी वाचाघात झालेल्यांशी बोलणाऱ्या माणसांना प्रशिक्षण दिले, आणि २००१ मध्ये त्यांनी दाखवून दिले की बोलणारी निरोगी व्यक्ती बदलली की रुग्णाचा संवादातील सहभागही सुधारतो. आपल्या घरांत याच्या नेमके उलटे चालते. पाहुणे येतात, 'ओळखलं का आबा, मी कोण?' म्हणून परीक्षा घेतात, चार जण एकदम बोलतात, टीव्ही चालू असतो, आणि उत्तर यायच्या आत तिसराच कुणीतरी उत्तर देतो. काही घरांत तर 'पाणी म्हणा, मगच देते' असे प्रेमापोटी चालते. ते थांबवा. ज्याला शब्द सापडत नाही त्याला तहानलेले ठेवल्याने शब्द सापडत नाही, फक्त तो माणूस मागणेच सोडून देतो.

एका वेळी एकानेच, समोर बसून, टीव्ही बंद करून बोलावे. विषय काय आहे तो एका शब्दात कागदावर मोठ्या अक्षरात लिहून पुढे ठेवावा: 'दवाखाना', 'ऊस', 'लग्न'. प्रश्न विचारल्यावर भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहून पूर्ण दहा सेकंद गप्प बसावे. पहिल्या दिवशी ही दहा सेकंदे फार लांब वाटतील. उत्तरासाठी 'हो', 'नाही' आणि 'वेगळेच काही' असे तीन कागद ठेवावेत, कारण तिसरा कागद नसला की आबांना आपल्या दोन पर्यायांत कोंबले जाते. कळले नाही तर कळल्यासारखे दाखवू नये. 'तुम्हाला काय म्हणायचे ते तुम्हाला ठाऊक आहे, मलाच अजून समजलेले नाही,' असे सरळ म्हणावे. मी हे वाक्य दिवसातून अनेकदा म्हणते आणि समोरच्याचे ताणलेले खांदे खाली येताना पाहते.

मनाकडेही लक्ष द्या. पक्षाघातानंतर सुमारे एक तृतीयांश रुग्णांना नैराश्य येते, आणि वाचाघातात ते सांगताच येत नसल्याने ओळखू येत नाही. झोप उडाली, जेवण तुटले, नातवाकडेही पाहणे सोडले, तर डॉक्टरांना सांगा. त्यावर उपचार आहेत. आणि आज येणारा शब्द उद्या अचानक गेला, तोंड वाकडे झाले किंवा हात पुन्हा लुळा पडला, तर तो दुसरा झटका समजून तत्काळ रुग्णालय गाठा. गुठळी विरघळवणारे औषध बहुतेक वेळा पहिल्या साडेचार तासांतच देता येते. मुदत खरोखर घड्याळावर मोजायची असेल तर ती तिथे असते.

कोरेगावहून सांगली-मिरज शंभर किलोमीटरहून अधिक पडते, त्यामुळे रोज येणे शक्य नाही आणि त्याची गरजही नाही. सविस्तर तपासणी समोरासमोर व्हावी, त्यानंतरचे बरेच काम व्हिडिओ कॉलवर चालते, आणि रोज वीस-वीस मिनिटांच्या दोन बैठका घरी घ्याव्यात, सकाळच्या, आबा ताजे असताना. जवळची सोय म्हणून साताऱ्यातील शासकीय रुग्णालयात वाचा-उपचार विभागाची चौकशी करा. थेरपिस्ट कुणीही निवडलात तरी भारतीय पुनर्वास परिषदेकडे त्यांची नोंदणी आहे का, हे विचारायला संकोचू नका. दिव्यांग हक्क कायदा २०१६ मध्ये वाचा आणि भाषेच्या दिव्यांगत्वात वाचाघाताचा नावानिशी उल्लेख आहे, तेव्हा अडचण कायम राहिली तर प्रमाणपत्रासाठी अर्ज करता येतो. ते घेणे म्हणजे आशा सोडणे नव्हे.

पहिल्या भेटीला जिथे जाल तिथे एमआरआय किंवा सीटी स्कॅनचा अहवाल, चालू गोळ्यांची यादी, पंचवीस शब्दांचा तो कागद आणि घरातला एखादा जुना फोटो, ज्यात आबांच्या ओळखीचे चार चेहरे असतील, एवढे सोबत घ्या. त्यांचा चष्माही आठवणीने घ्या. तो घरी राहिल्यामुळे चित्रांच्या चाचणीत चुकलेली माणसे मी पाहिली आहेत.